दुपारचा खेळ

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटर म्हणत. सिनेमाच्या थिएटरात वरच्या अंधाऱ्या केबिनमध्ये उभं राहून त्यांनी उभं आयुष्य रिळं फिरवली. थिएटर बंद पडलं, ऑपरेटर कायमचे घरी आले आणि त्या उन्हाळ्यात त्यांना एक नवीच गोष्ट कळली. आपल्या घराला दुपार असते.

आजवर ते जेवून हात पुसत पुसत निघायचे ते रात्री शेवटचा खेळ सुटल्यावरच परतायचे. मागचं परस त्यांना ठाऊक होतं ते दात घासण्यापुरतं. आता पहिल्याच दुपारी ते मागच्या दारात आले आणि तिथेच उभे राहिले. लिंबाच्या झाडाखाली सावली अशी सांडली होती की पाय टाकताना ती पुसली जाईल असं वाटावं. भिंतीच्या कडेने ऊन चढलं की उघडणारी आणि उतरलं की मिटणारी ऑफिसटाइमची फुलं, गुलाबी, पिवळी, शेंदरी, तोंड उघडून बसली होती. मोगरा डोकं टेकून पेंगत होता. मधमाशीसुद्धा दमानं चालली होती. मध्ये एक वेताची खुर्ची, आणि त्या खुर्चीत डोळे अर्धे मिटलेली त्यांची बायको.

बायकोनं एक डोळा उघडला. "काही हवंय का?"

"नाही. सहज आलो."

"मग दार लोटून घ्या. माशा जातात आत."

ऑपरेटरांनी दार लोटलं, आणि लोटल्यावर लक्षात आलं की आपण दाराच्या आतल्या बाजूला आहोत. खुर्ची एकच होती. त्यांना त्या दुपारीत बसायला जागा हवी होती, फार मनापासून हवी होती. पण नवऱ्याला बायकोकडे चहा मागायची सवय असते, जागा मागायची नसते. मागावी कशी, हे काही त्यांना सुचेना.

मागता येत नाही तर काहीतरी देऊन बघावं, असा त्यांनी विचार केला. माणूस भिडस्त असला की त्याला असल्या युक्त्या सुचतात. बायको दोन दिवस बहिणीकडे गेली, तेव्हा त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढली. थिएटर बंद झालं त्या दिवशी दारांवरचे काळे पडदे ते आठवण म्हणून घेऊन आले होते. जाड, वजनदार, उन्हाचा एक कण आत येऊ देतील तर शपथ. बिचारी एवढ्या उन्हात बसते, डोळे दिपत असतील, असं म्हणत त्यांनी लिंबापासून भिंतीपर्यंत दोऱ्या ताणल्या आणि अख्ख्या परसावर पडदे चढवले. घामाघूम झाले, पण काम चोख. खाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं. गार, काळोखी, अगदी केबिनसारखं. त्यांना वाटलं, आता ती म्हणेल, बसा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आली. पिशवी हातातच होती. परसाच्या दारात थबकून तिनं इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसटाइमचं एकही फूल उघडलेलं नव्हतं. उलट कोपऱ्यातली गुलबक्षी, जिची वेळ संध्याकाळची, ती त्या अंधाराला फसून सगळी फुलून बसली होती.

"संध्याकाळ झाली का हो?" ती म्हणाली.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. कौतुक करून घ्यायला गेलेले ऑपरेटर पुरते तोंडघशी पडले. "तुला सावली व्हावी म्हणून…" एवढंच कसंबसं म्हणाले.

"सावलीला लिंबू आहे की." तिनं पिशवी खाली ठेवली. "तुम्ही गेलात की हे घर रिकामं व्हायचं. भांडी घासून झाली, की मी आणि भिंती. म्हणून ही फुलं लावली. म्हटलं, दुपारच्या वेळेला कुणीतरी वेळेवर यावं माझ्याकडे. ती आली, रोज आली. आणि तुम्ही आलात ते काळोख घेऊनच."

ऑपरेटरांना फार वाईट वाटलं. त्यांनी स्टूल आणलं आणि पडदे उतरवले. गाठी सुटता सुटत नव्हत्या.

पुढच्या दुपारी ते परसाकडे फिरकलेच नाहीत. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक चौकोनी झरोका होता, हात जाईल एवढा. तिथे उभे राहिले. आयुष्यभर केबिनच्या अशाच भोकातून पडद्याकडे बघायची सवय, तेव्हा पायांना काही वावगं वाटलं नाही. बाहेर फुलं पुन्हा उघडली होती. दोरीवर पांढरी चादर वाळत होती आणि तिच्यावर लिंबाच्या पानांच्या सावल्या पडल्या होत्या. वाऱ्यानं चादर पानांजवळ गेली की पान न् पान रेखीव व्हायचं, मागे आली की सगळं धुरकट. एक फुलपाखरू आडवं गेलं, त्याचीही सावली उडाली. किती वेळ गेला कोण जाणे. चादर पुन्हा मागे आली आणि नकळत त्यांच्या तोंडून गेलं, "फोकस गेला."

"मग या की नीट करायला," बायको म्हणाली. तिनं वळूनही पाहिलं नव्हतं.

ऑपरेटर चोरी पकडल्यासारखे झरोक्यापासून मागे सरले.

"तुमच्या थिएटरात यायचे ना मी, शेवटच्या रांगेत बसायचे. वर तुमच्या केबिनचं भोक. पडद्याकडे कमी आणि मागे वळून जास्त बघायचे. मान अवघडायची. पण तिथून नुसता उजेड डोळ्यांत जायचा, तुम्ही कधी दिसला नाहीत." तिनं आता मान वळवली. "आता पुन्हा भोकातूनच बघणार का? बाहेर या."

ते बाहेर आले. बादली पालथी घातली आणि खुर्चीशेजारी टेकले. येता येता चादरीची दोन्ही टोकं तेवढी त्यांनी ताणून घेतली, राहवलं नाही म्हणून. सावल्या लख्ख झाल्या.

"हा खेळ कधी सुटतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"फुलं मिटली की," ती म्हणाली आणि डोळे अर्धे मिटून घेतले. "तोवर मधेच उठायचं नाही हं."

ऑपरेटरांना आठवलं, एकही सिनेमा आपण कुणाच्या शेजारी बसून पाहिलेला नाही.

"नाही उठत," ते म्हणाले. "आता रीळ बदलायचं नाहीये."