वास गेलेला गाळ

मित्रांनो, नाक दाबू नका. आता मी घाण मारत नाही. मी पुलाखालचा एक जुना गाळ आहे.

डोंगराची झीज, शेतांची धूप, कुजलेली पानं, जे जे थकलं ते माझ्याकडे विसाव्याला आलं. मी कुणाला नाही म्हटलं नाही. पुढे काठावर नटबोल्टांना मुलामा देणारा कारखाना आला. त्याचं धुवण रोज नदीत. त्यातला कॅडमियम हा विषारी धातू माझ्या बारीक कणांना चिकटायचा. तळाशी हवा पोचत नाही. तिथल्या कुजण्यातून निघणारा गंधक या धातूला घट्ट धरून ठेवायचा. सडक्या अंड्यासारखा माझा वास त्या गंधकाचाच.

पाणी तपासणारे साहेब बाटली भरून न्यायचे. पाणी चांगलं निघायचं.

"बघा, लोक उगाच बोंब मारतात!" कारखानदार म्हणायचा.

तळात हात कुणी घातला नाही. मला मात्र माझ्या मुठीचा भारी अभिमान. माझ्याच जिवावर चोर साव ठरतोय, हे ध्यानात यायला मला फार उशीर लागला.

मग पात्र उथळ झालं म्हणून यंत्रानं मला उपसून काठावर टाकलं. शेजारी एका मावशीचा भाजीचा मळा होता. माझा काळाभोर रंग पाहून तिचे डोळे लकाकले.

"अगं, नाक फाटतंय! हे वाफ्यात घालणार?" तिची जाऊ म्हणाली.

"लगेच कोण घालतंय? कच्चं शेणखत तरी घालतो का आपण? ऊन खाऊ दे. वास गेला की मुरलं समजायचं."

"घाल बाई. मळा तुझा, हौस तुझी."

शेणखताचा नियम सोळा आणे खरा. पण मी शेण नव्हतो. उन्हावाऱ्यात गंधकाची हवेशी गाठ पडली, त्याचं आम्ल झालं आणि माझी मूठ सुटली. वास गेला तसा धातू मोकळा झाला. मी ओरडायला हवं होतं. पण वासावाचून मला दुसरी वाचा नव्हती, आणि नेमकी तीच बसली होती. मावशीनं मला ओंजळीत घेऊन हुंगलं. "झालं बघ तयार!"

पालक तरारून आला. मावशीची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिच्या ताटात रोज तोच पालक.

"आई, मी माणूस आहे की शेळी?"

"खा गुपचूप. दोघांचं खायचंय तुला."

मुळांनी पाणी मागितलं. मी पाण्याबरोबर कॅडमियमही दिलं.

पुढे कुठेतरी अशाच गाळाची तक्रार झाली, तेव्हा साहेब बाटलीऐवजी फावडं घेऊन आले. माती तपासली, पालक तपासला; दोन्हींत कॅडमियम निघालं. "ही भाजी कोण खातं?" त्यांनी विचारलं. मावशीनं नुसतं घराकडे पाहिलं. मग वाफ्यात बसून ती एकेक रोप मुळासकट उपटू लागली. जाऊ शेजारी बसली आणि तीही उपटू लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार दिवस खाल्लेलं नाही, हे बरं. पण हा धातू अंगातून लवकर निघत नाही. मायलेकरांवर लक्ष ठेवू." मुलगी झाली, चांगली दणकट. तरी ती जरा किरकिरली की मावशी तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे धावते.

मित्रांनो, नदीत काही सोडताना 'जाईल वाहून' म्हणू नका. वाहून जातं ते पाणी. बाकीचं मी ठेवून घेतो, आणि परत देताना समोर कोण आहे, हे मला दिसत नाही.