बादलीची कडी आणि गुरूचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची तार आहे. कारखान्यात मला बारीक बारीक भोकांतून ओढून काढलं. दुखलं वगैरे काही नाही, तांब्याला ती सवयच नसते. पुढे शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला मोजून कापलं, माझे दोन सारखे हात केले आणि गच्चीवर दोन खांबांमध्ये ताणून बांधलं. मधून एक केबल खाली प्रयोगशाळेतल्या रेडिओला गेली. झाले मी अँटेना!

माझं काम एकच, गुरू ग्रहाचं ऐकायचं. गुरूभोवती चुंबकशक्तीचा अवाढव्य पसारा आहे. त्यातून आयो नावाचा त्याचा चंद्र फिरतो. आयोवरचे ज्वालामुखी सारखे वायू ओकतात, तो वायू विद्युतभारित होऊन त्या पसाऱ्यात अडकतो. आयो पुढे सरकला की इलेक्ट्रॉनना रेटा बसतो. ते चुंबकरेषा धरून गिरक्या घेत ध्रुवांकडे धावतात, आणि तिथे एका तालात आपली शक्ती रेडिओलहरींत टाकतात. त्यांचा झोत पृथ्वीवरून गेला तरच आपल्याला ऐकू येतं. मुलं कान देऊन ऐकायची, पाहुणे वा वा करायचे.

बाई निवृत्त झाल्या. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. शिपायाच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या काकूंनी, माझ्यावर चादरी वाळत घातल्या. एकदा त्यांच्या बादलीची कडी तुटली. त्यांनी पक्कड आणून माझा हातभर तुकडा कापला आणि उरलेल्या टोकाला सुतळी बांधून मला परत ताणलं. मला राग आला नाही.

मग एका पहाटे बाई आल्या. दुसऱ्या दिवशी त्या कायमच्या मुलीकडे राहायला जाणार होत्या, मोठ्या शहरात. तिथल्या विजेच्या खरखरीत गुरू कुठला ऐकू यायला! आज आयो योग्य जागी होता, तोही जेमतेम तासभर. एकदा शेवटचं ऐकायचं होतं त्यांना. काकूंनी कुलूप काढलं, माझ्यावरच्या चादरी ओढून घेतल्या. रेडिओ लागला. नुसती खरखर.

बाई गच्चीवर आल्या आणि माझ्यावरून हात फिरवत सुतळीपाशी थांबल्या. "काकू, ही आखूड कशी झाली?"

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई! बादलीला लावली की मी! तारच ना ती?"

"तिची लांबी त्या लहरींच्या मापाची आहे हो." बाईंचे डोळे भरून आले.

काकू धावत खाली गेल्या. भरलेली बादली मोरीत उपडी केली, कडी उपसून वर आणली. दोघींनी टोकं खरवडली आणि पिळून घट्ट जोडली.

दोघी खाली रेडिओपाशी आल्या. बराच वेळ काही नाही. मग खरखरीतून एक लाट उठली, किनाऱ्यावर फुटावी तशी. मागोमाग दुसरी. बाई रडत हसल्या.

"खरंच तिकडून आला हा आवाज?" काकूंनी विचारलं.

"निघून पाऊण तास झाला असेल."

"म्हणजे मी कडी उपसत होते, तेव्हा हा वाटेतच होता!" काकूंनी रेडिओला कान लावला.

बाई मुलीकडे गेल्या. किल्ली काकूंकडे आहे. कपडे आता वेगळ्या दोरीवर वाळतात, आणि काकू बिनकडीची बादली पोटाशी धरून जिना चढतात. साडी भिजते, पण नवी कडी लावायचं नाव नाही. मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही, तांबं टिकतं. फक्त रिकामी दिसणारी तार कापण्याआधी तिची केबल कुठे जाते, तेवढं बघा.