धाकटीचा कोट

दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं आणि त्या दुकानात वडलांच्या वेळेपासूनचा एक नियम होता. तयार कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी उलटा करायचा, आतून अंगठा फिरवायचा आणि मगच इस्त्रीला घ्यायचा. वडील गेले, इस्त्री बदलली, रस्त्यापलीकडे तयार कपड्यांची चकाचक दुकानं आली, पण नियम तसाच राहिला. अंगठा मात्र नेहमी थोरलीचा असायचा.

दुसरा एक नियम होता, जो कधी कोणी बोलून दाखवला नव्हता. धाकटीच्या कामात काही चुकलं, तर थोरली ते गुपचूप उसवून नीट करायची. हे शाळेपासूनच चालू होतं. शिवणाच्या तासाला ज्या झबल्यासाठी धाकटीला बक्षीस मिळालं, ते अर्ध्याहून अधिक थोरलीनं शिवलं होतं. धाकटीला हे कळत नसेल असं थोरलीला वाटायचं. चाळिशी उलटल्यावरही वाटायचं, आता बोला!

गेल्या हिवाळ्यात धाकटी आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही. आधी तिनं बोलणं कमी केलं, मग जेवण, मग अंथरुणातून उठणंच सोडलं. थोरली रोज सकाळी दारातून डोकावून विचारायची, "बरं वाटतंय ना गं?" आणि धाकटी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "बरी आहे." थोरली तेवढ्यावर समाधान मानून दुकान उघडायला जायची. शेवटी एक दिवस धाकटी नुसत्या गाऊनवर, अनवाणी, चौकातल्या बाकावर बसलेली सापडली आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं, मनाच्या आजाराच्या विभागात. गिऱ्हाइकांना थोरलीनं पाठदुखी सांगितली. इतकी छान सांगितली की दोघांनी मालिशवाल्यांचे पत्ते आणून दिले.

धाकटी घरी आली, गोळ्या सुरू राहिल्या, हळूहळू ती मशीनवरही बसू लागली. त्या हिवाळ्याबद्दल मात्र ती अवाक्षर काढत नसे. थोरलीही विचारत नसे. खपली धरलीय तर कशाला नख लावा, असा तिचा हिशेब.

इस्पितळात आठवड्यातून एकदा चित्रांच्या बाई यायच्या. बरे होऊन गेलेल्यांना त्यांनी कळवलं, की वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवतोय, ज्याला जे करता येतं त्यानं ते करून आणावं. धाकटी म्हणाली, "मी एक कोट देणार आहे." एवढंच. मग ती मागच्या खोलीत दार लोटून बसू लागली. थोरलीनं डोकावलं तर म्हणायची, "ताई, हा तू नको बघूस हं." थोरलीला बरं वाटलं. हात चालतोय म्हणजे माणूस चालतंय.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटी डॉक्टरांकडे गेली. कोट हँगरला लावलेला होता. करड्या लोकरीचा, लांब, खांदे असे बसलेले की वडील असते तर दोन मिनिटं गप्प झाले असते. थोरलीनं बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुकानातून कपडा बाहेर पडणार आणि तिचा अंगठा त्यावरून फिरणार नाही, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. तिनं कोट उलटा केला.

उजव्या बाहीचं अस्तर कोपराखाली टाक्यात सापडलं होतं, हात घातला तर मध्येच अडकणार. ही चूक नवशिके करतात. घेराला झोक यावा म्हणून खाली घालायची शिशाची वजनं हिनं खांद्यात शिवली होती. कॉलरच्या आत सगळ्या गाठी मानेच्या बाजूला, दोऱ्यांची टोकं तशीच राठ. काजं इतकी तोकडी, की बटण ढकलून आत जाईल पण पुन्हा निघणार नाही.

थोरली स्टुलावर बसली आणि रडली. बाहेरून इतका सुरेख आणि आतून हे असं! पोरीचा हात गेला, आणि तिला कळलंही नाही. उद्या हॉलमध्ये लोक हा कोट हातात घेणार, आतून बघणार आणि एकमेकांना कोपरानं ढोसणार. पाठदुखी होती म्हणे! ते तिला सहन होईना. तिनं डोळे पुसले आणि उसवायला घेतलं. बाही मोकळी केली, वजनं काढली, गाठी कापल्या, काजं वाढवून घेतली. सगळं हातशिलाईनं, जीव ओतून. वजनं टाकवेनात म्हणून तिनं हातपिशवीत टाकली. धाकटी परतली तेव्हा कोट इस्त्री होऊन पिशवीत बंद होता.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये फारशी गर्दी नव्हती. भिंतीवर चित्रं होती, एका टेबलावर मातीची माणसं होती. मधोमध स्टँडवर कोट, आणि त्याला धाकटीच्या अक्षरात एक चिठ्ठी लावलेली: "गेला हिवाळा. घालून बघा."

थोरलीनं ती वाचली. पुन्हा वाचली. आणि तिच्या डोक्यात काहीतरी सरकलं, पण तेवढ्यात ढगळेकाका पुढे आले होते. हे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. कुठलाही कपडा ढगळ शिवून मागायचे म्हणून बहिणींनी त्यांना हे नाव ठेवलेलं. काकांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि कोट चढवला. धाकटी त्यांच्या समोर उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. इतक्या आशेनं बघताना थोरलीनं तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

काकांचा हात सरळ बाहेर आला. त्यांनी बटणं लावली, काढली, आरशात वळून पाहिलं. "वा! हलका आहे, ऊबदार आहे. हिवाळा मजेत गेला म्हणायचा! फक्त जरा ढगळ हवा होता," ते म्हणाले आणि हसत, चष्मा तिथेच विसरून, निघून गेले.

धाकटीनं कोट उलटा केला. अस्तरावरून अंगठा फिरवला. थोरलीचा टाका तिला अंधारातही ओळखता आला असता.

"किती सुबक उसवलंस गं ताई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं.

"अगं, मला वाटलं चुकलंय. लोक म्हणाले असते, हिचा हात गेला."

"हात गेला नव्हता. पहिल्यांदाच मनासारखं शिवलं होतं." धाकटीनं कोट मांडीवर घेतला. "मला सांगता येत नाही. तोंडातून 'बरी आहे' एवढंच निघतं. म्हटलं, शिवून दाखवू. निदान एकाला तरी कळेल."

तो एक कोण, हे तिनं सांगितलं नाही. थोरलीला ते सांगायची गरज नव्हती. लाजेनं तिचे कान तापले. आयुष्यभर हिच्या चुका झाकल्या असं ती अभिमानानं समजत आली होती, आणि त्या नादात हिला पार पुसत आली होती. तिनं हातपिशवी उघडून शिशाची वजनं टेबलावर ठेवली. सुईदोरा तर तिच्या पिशवीत नेहमीच असायचा.

"पुन्हा शिव," ती म्हणाली. "मी घालते. माझ्या अंगावरच शिव."

दुपारी हॉल बंद होता, तेवढ्या वेळात धाकटीनं काम उरकलं. वजनं खांद्यात बसली. कॉलरला गाठी आल्या. काजं आखडली. थोरलीनं कोट चढवला, तिचा उजवा हात कोपराखाली अडकला, आणि तिथेच धाकटीनं आणखी दोन टाके घातले. बाहेरून बाही सरळ दिसत होती, नुसता हात आत ओढून घेतल्यासारखी. मग बटणं लागली. थोरली काही क्षणांतच वाकली. मान सारखी टोचत होती. एका हातानं तिनं बटण काढून पाहिलं, ते हलेना. हसण्यासारखं होतं खरं तर, पण तिला हसू येईना, उलट घाबरायलाच झालं.

दार उघडलं आणि ढगळेकाका चष्मा न्यायला आत आले. थोरलीला कोटात बघून खूश झाले.

"अरे वा, तुम्हाला काय झकास बसलाय! बाकी तुम्ही कशा आहात?"

थोरलीला म्हणायचं होतं, काका, हे बटण काढा, माझा हात अडकलाय, मला उभं राहवत नाहीये. शब्द ओठांपर्यंत आले. काका हसून बघत होते, त्यांना घाईही होती.

"बरी आहे," ती म्हणाली.

"छान, छान," म्हणत काकांनी चष्मा उचलला आणि ते गेले.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी सुईला दोरा गुंडाळत होती.

"काढू का आता?" तिनं विचारलं.

"नको," थोरली म्हणाली. "इथे बस माझ्याजवळ. थोडा वेळ राहू दे."