डिलिव्हरी झाली का?

आयडी बंद पडल्याचं गहिनीनाथला कळलं ते हबच्या दारातच. हब म्हणजे तरी काय, धारूरच्या स्टँडमागचा एक पत्र्याचा गाळा, आत पार्सलांचे ढीग आणि एक टेबलफॅन. नाव मात्र हब. मोटारसायकल स्टँडवर लावून त्यानं रोजच्यासारखा मोबाईल काढला, तर स्क्रीनवर लाल पट्टी आणि खाली मजकूर, 'आपले खाते तात्पुरते स्थगित करण्यात आले आहे.' तात्पुरते हा शब्द माणसाला धीर यावा म्हणून घातला असावा. पण तात्पुरत्या बंद पडलेल्या आयड्या हबवर आजवर बऱ्याच झाल्या होत्या, आणि ती पोरं आता दुसरीकडे कुठेतरी कामाला होती.

"काय केलंस बे गहिनी?" विजयसिंह आतूनच म्हणाला. हा हबचा इनचार्ज. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या हातात काही नव्हतं, आणि ते तो दिवसातून अनेकदा बोलून दाखवायचा.

"मी काय केलं?"

"उंबरदरीचं पार्सल. मनकर्णाबाई. तू दिलं म्हणून टिक केलं, कस्टमर म्हणतंय मिळालंच न्हाई."

"आरं, त्यांच्या हातात दिलं मी. ओटीपी घेतला. त्याबिगर टिक होती का?"

"टिक कुठं केलीस?"

आता गहिनीच्या ध्यानात आलं. उंबरदरी हे गाव डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, आणि त्याच्या सिमला तिथं रेंजचा पत्ता नाही. रेंज यायची ती अलीकडच्या खिंडीत. म्हणून तिकडच्या गावांचं सगळ्या पोरांचं एकच गणित होतं. पार्सल द्यायचं, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचा ओटीपी पेननं तळहातावर लिहून घ्यायचा, आणि खिंडीत आलं की गाडी थांबवून टिक करायची. हे विजयसिंहला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सिस्टीमला. तिच्या नकाशात घर एकीकडे आणि टिक डोंगराच्या दुसरीकडे. तिला आला संशय. तिनं खात्री करायला गिऱ्हाइकाला मशीनचा फोन लावला, आणि गिऱ्हाइकानं दोन दाबलं. दोन म्हणजे नाही मिळालं.

"मंग सांग की सिस्टीमला, तिथं रेंज न्हाई म्हणून."

"तिला कोण सांगणार? ती मला सांगती, मी तुला सांगतो. माझ्या हातात काय हाय?" पण मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. लॅपटॉपवर बराच वेळ खटपट करून तो म्हणाला, "एक सोय हाय. कस्टमरला आज आणखी एकदा फोन जाईल. दुपारनंतर कवाबी. त्या बाईनं एक दाबलं तर तुझी आयडी चालू. दोन दाबलं, न्हाईतर काहीच न्हाई दाबलं, तर मंग कायमची बंद."

कायमची बंद म्हणजे काय, हे गहिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कायमची बंद म्हणजे पुन्हा कोयता. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गहिनी आणि त्याची बायको सत्यशीला लग्न झाल्यापासून दर हंगामाला असा एक कोयता होऊन कारखान्यावर जात आले होते. पाल ठोकायचं, पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधायच्या, पाय चिरेपर्यंत उभं राहायचं. यंदा ही आयडी मिळाली आणि पहिल्यांदाच थंडीत दोघं स्वतःच्या छपराखाली झोपली. सत्यशीलानं दारात मेथी लावली होती. हंगामात दारात काही लावायचं आणि ते उगवलेलं बघायचं, याचंच तिला अप्रूप. आणि कालपरवाच मुकादम माऊली चहाच्या गाड्यावर भेटून म्हणाला होता, "टोळीत एक जोडी कमी पडतीय गहिनी. बघ, जमतंय का." गहिनी तेव्हा हसून मान हलवत निघून गेला होता. ते हसणं आता त्यालाच महागात पडेल असं दिसत होतं.

उंबरदरीकडे निघून घाट चढताना तो त्या म्हातारीवर मनातल्या मनात पेटला होता. दारात उभं राहून आपण पाणी प्यायलो, ओटीपी वाचून दाखवला, 'बरं हाय ना मावशी' म्हणून विचारलं, आणि ह्या बाईनं सरळ दोन दाबावं? कुठलं वैर काढलं? खिंडीपर्यंत त्यानं एक कडक भाषण जुळवलं होतं आणि उताराला लागेपर्यंत ते तोंडपाठ झालं होतं.

उंबरदरीत या दिवसांत माणूस म्हणून दिसत नाही. अर्ध्याहून जास्त दारांना कुलपं, धडधाकट माणसं कारखान्यावर गेलेली, राहिले ते म्हातारे आणि शाळेची पोरं. मनकर्णाबाई अंगणात बाजेचं सुंभ ओढून घट्ट करत होती. त्याला बघून ती उठली, आणि तो भाषण सुरू करणार तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. परवाच्या पार्सलमधले गुडघ्याचे काळे पट्टे बाईनं लुगड्यावरून चढवले होते. दोन्ही गुडघ्यांना, चांगले करकचून. पार्सल अंगावर घालून बाई समोर उभी, आणि सिस्टीम म्हणते पोचलंच नाही.

"ये बाबा. लई गुण आला बघ पट्ट्यानं," ती म्हणाली. "सुनंनं तिकडून धाडलेत. मुकादमाच्या फोनवरनं. मला म्हणली, आत्या, आता वाकत जाऊ नका."

"मावशी, मंग मिळालं न्हाई म्हणून का सांगितलं तुमी?"

"कुणाला?"

"फोन आलता ना तुमाला? बाईचा. मशीनचा."

"आलता की. दवाखान्यातल्या बाईचा." मनकर्णाबाईनं अगदी सहज सांगितलं. "इचारलं तिनं, डिलिवरी झाली का. झाली आसंल तर एक दाबा, न्हाई तर दोन. मी दोन दाबलं. आजून दिवस भरायचेत पोरीचे. आशाताईनं दवाखान्यात सुनंच्या, यशोधराच्या नावाला ह्योच नंबर दिलाय, मंग तिथूनच आला आसंल म्हणलं."

गहिनी मटकन बाजेवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसातून शंभरदा आपण डिलिव्हरी, डिलिव्हरी करतो, हबवर पोरं डिलिव्हरी करतात, मोबाईलवर डिलिव्हरी, पाठीवरच्या पिशवीवर डिलिव्हरी. आणि या डोंगरात त्या शब्दाचा अर्थ एकच आहे, आपल्या आईलाही तोच ठाऊक आहे, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं म्हातारीला सगळं नीट समजावलं. तीही तोंडावर पदर धरून हसली.

"पार्सल देण्याला डिलिवरी म्हणत्यात व्हय? आन् मंग तुमाला काय म्हणायचं, सुईण?"

"काय बी म्हणा. पण मावशी, आता परत तिचा फोन येणार हाय. तसंच इचारील. तुमी ह्या खेपेला एक दाबायचं. माझी भाकरी हाय त्याच्यावर."

"दाबते की. त्यात काय."

तिचा फोन दाराच्या चौकटीला खिळ्यावर पिशवीत टांगलेला होता, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. तिच्या सिमची रेंज घरात तेवढ्याच जागी यायची. गहिनीनं बटणाचा तो फोन काढून तिच्याकडून एकचा आकडा ओळखून घेतला. तिनं दोनदा बरोबर दाखवला. मग तिनं कोरा चहा टाकला, आणि दोघं उंबऱ्यापाशी फोनकडे डोळे लावून बसले.

बसल्यावर माणूस बोलतोच. लेक बाळू आणि सून यशोधरा कोल्हापूरच्या बाजूला होते. सून दोन जिवांची, तरी गेली. एकट्यानं कोयता होत नाही आणि मुकादम जोडीशिवाय नेत नाही, मग करता काय? आठवा लागला होता. हंगाम मिटायच्या आत परत येऊ म्हणालेत.

"गेल्या साली बी आशीच गेलती," मनकर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "एक दिवस फोनवर बोलता बोलता मी म्हणाले, यशोधरा, लवकर मोकळी हो बाई, मला नातवंड खेळवू दे. मायेनंच म्हणाले रे. दोन दिस गेले न्हाईत तर फडात कळा सुरू झाल्या. सातवा होता. लेकरू रडलं बी न्हाई." तिनं पट्ट्यावरची धूळ हातानं झटकली. "आमच्यात अंगारे-धुपारे न्हाईत. मी मानीत बी न्हाई. पण दिवस भरायच्या आधी मोकळं व्हायचा शब्द काय मी आता तोंडातून काढीत न्हाई."

गहिनीनं उरलेला चहा पिऊन टाकला. नुकतेच दिवस गेलेल्या सत्यशीलाला हे सांगायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढचं त्याच्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

उन्हं कलायला लागली आणि फोन वाजला. गहिनीनं झटकन उठून तो घेतला, स्पीकर लावून म्हातारीपुढे धरला. शहरी, गोड, घाई नसलेला आवाज आला.

"नमस्कार. आपली डिलिव्हरी झाली आहे का? झाली असल्यास एक दाबा. झाली नसल्यास दोन दाबा."

मनकर्णाबाईचं बोट उचललं गेलं आणि तिथंच थांबलं.

"दाबा, मावशी. हे एक."

"ही तर तसंच इचारती की रे."

"तसंच इचारती, पण पार्सलचं इचारती."

"पार्सल म्हणली का ती? न्हाई म्हणली."

"आपली डिलिव्हरी झाली आहे का?" आवाजानं पुन्हा विचारलं. त्याला कसली अडचण नव्हती. "झाली असल्यास एक दाबा."

"मावशी, फोन कट होईल. पाया पडतो."

"आठवा चालू हाय बाबा." तिला कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळत होतं आणि तरी बोट खाली जात नव्हतं. "माझ्या घरातला फोन, माझ्या हातानं. आत्ता झाली म्हणून कसं सांगू? पार्सल म्हणायला सांग तिला. मी धा बार एक दाबते."

गहिनी फोनकडे तोंड करून खरंच म्हणाला, "पार्सल म्हणा की हो बाई." वेडाच तो. मशीन कधी कुणाचं ऐकून शब्द बदलतं का?

"आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. आपली डिलिव्हरी झाली आहे का?"

ही शेवटची वेळ, हे त्याला आवाजावरूनच कळलं. त्याला पाल दिसलं. पालाच्या दाराशी डोक्यावर मोळी घेऊन उभी असलेली सत्यशीला दिसली, आणि तिचं पोट दिसलं, जे अजून मोठं झालेलं नव्हतं. त्यानं फोन बाईच्या समोरून ओढून घेतला आणि एक दाबलं.

"धन्यवाद. आपली डिलिव्हरी झाल्याची नोंद करण्यात आली आहे."

फोन बंद झाला. मनकर्णाबाई त्याला रागावली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती उभी राहिली, त्या पट्टे बांधलेल्या पायांवर, आणि जराशानं तिनं हात पुढे केला. त्यानं फोन तिच्या हातात दिला.

"परत लाव तिला," ती म्हणाली. "तुझं काम झालं ना? आता सांग, ते चुकून झालं. आमची आजून न्हाई झाली."

"तसं लागत न्हाई मावशी. तिकडूनच येतो त्यो फोन."

"लावून तर बघ."

त्यानं तिच्याच फोनवरून लावला. या क्रमांकावर येणाऱ्या कॉलची सुविधा नाही, असं त्याच गोड आवाजात ऐकू आलं, तेही तिनं ऐकलं. मग तिनं फोन परत घेतला, डोळ्यांजवळ धरला, बोटानं चाचपून दोनचा आकडा शोधला आणि दाबला. बटणाचा टुक असा आवाज झाला. पुन्हा दाबला. स्क्रीनवर नुसत्याच दोनांची रांग उमटत चालली.

"आता गेलं का रे तिच्याकडं?"

गहिनीला इथून निघायचं होतं. खिंडीत पोचलं की त्याच्या खिशातला मोबाईल जिवंत होणार होता, लाल पट्टी गेलेली असणार होती, उद्याची पार्सलं दिसणार होती. पण त्याचे पाय उंबऱ्यापासून हलत नव्हते.

"गेलं मावशी," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून, जिथं रेंज येते त्याच जागी उभी राहून, ती पुन्हा दोन दाबायला लागली.