पहिली निवड अडवणाऱ्याची

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे आणि मला एकही चाक नाही. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझा जन्म दोह्याच्या मुऐदर भागातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. कराडकडच्या शहाजीने लोखंडी पाइप जोडून मला दोन जाड पट्ट्यांवर उभे केले आणि पुढे छातीइतक्या उंचीवर रेक्झिनची गादी बसवली. त्याला वाटले, मी एखाद्या बंगल्यातला झोपाळाच आहे.

"मॅडम, साखळ्या कुठं लावायच्या?" त्याने विचारले.

मला न्यायला आलेल्या मृणालिनीताई पोट धरून हसल्या. "अहो शहाजी, हिच्यावर झोके नाही घ्यायचे. हिला ढकलायचं."

"कुठवर?"

"दम संपेपर्यंत."

मृणालिनीताई मूळच्या नाशिकच्या. दोह्यातल्या नव्या पगारी अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये एक संघ त्या सांभाळत. हा फुटबॉल पायाने खेळत नाहीत. चेंडू नारळासारखा लांबट असतो. एक जण तो हातात घेऊन मागे उभा राहतो आणि नेम धरून लांब फेकतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना अंगावर घेऊन थोपवणारा कडेचा पहारेकरी म्हणजे टॅकल. त्याने चेंडू फेकायचा नाही, बहुतेक वेळा झेलायचाही नाही, नुसते अडवायचे. असे अडवणारे गडी मला ढकलून ढकलून तयार होतात.

माझ्याकडे येणारे बहुतेक वीर धाडकन आदळत. आवाज असा व्हायचा की बघे टाळ्या पिटत. मी मात्र होते तिथेच असे. नाव मोठे, लक्षण खोटे! लोखंडाला टाळ्या कळत नाहीत, जोर कळतो.

मग एके सकाळी कुशल आला. अल सद्द भागात राहणाऱ्या संजीवनीबाईंचा हा मुलगा दारातून तिरका होऊन आत यायचा. धावण्याच्या चाचणीत तो सगळ्यांच्या मागे राहिला आणि पोरे फिदीफिदी हसली. नंतर माझी पाळी आली. मला जड करायला माझ्यावर कोणीतरी उभे राहावे लागते. मृणालिनीताई हातात कडक चहाचा कप घेऊन चढल्या. मी हलणार नाही, अशी त्यांची खात्रीच होती.

कुशल खाली वाकला. त्याने हात गादीच्या खालच्या कडेला लावले आणि बारीक पावले टाकू लागला. आवाज झाला नाही. मी पुढून किंचित उचलली गेले आणि निघालेच! चहा ताईंच्या बाहीवर सांडला. मी थेट कुंपणापाशी जाऊन थांबले. ओल्या बाहीने कप सावरत त्या एवढेच म्हणाल्या, "पुन्हा."

निवडीच्या दिवशी मैदानावर पांढरा तंबू ठोकला होता. संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायचे आणि पहिली पाळी आमची होती. मृणालिनीताईंनी कुशलचे नाव घेतले. तंबूत हशा पिकला.

क्लबचे सचिव हरिदास तावातावाने बाहेर आले. "मॅडम, पहिला नंबर आणि तो धक्के मारणाऱ्याला? पब्लिक चेंडू बघायला येतं!"

"चेंडू फेकणारा उभा राहिला तर दिसेल ना चेंडू! मागच्या सीझनला आपल्या क्वार्टरबॅकचा, इलियासचा खांदा निखळला, तेव्हा त्याच्यापुढे कोण होतं?"

"हे फसलं तर तुम्ही खलास. शेवटच्या मॅचपर्यंत बघीन."

"फसलं तर मी स्वतःच जाईन," ताई म्हणाल्या. "पण नाव बदलणार नाही."

मित्रांनो, मला चाके असती तर मी तेव्हा नाचले असते.

संजीवनीबाईंनाही निवड पटली नव्हती. त्या मैदानावर येऊन म्हणाल्या, "मृणालिनी, माझ्या लेकानं चेंडूला हातही लावायचा नाही? घरी विचारतात, हा खेळतो म्हणजे करतो काय?"

"आई, इट्स ओके. आय लाइक इट," कुशल म्हणाला. त्यांचा चेहरा आणखीच पडला.

पहिले सामने आम्ही हरलो. हरिदासांनी एक चकचकीत यंत्र आणले. त्याला दिवे होते आणि ते धक्क्याचे आकडे दाखवी. मला कुंपणाकडेला सारले. माझ्यावर टॉवेल वाळू लागले आणि एक मांजर माझ्या गादीला नखे लावू लागली. मला रडू आले नाही, राग आला. मी हलायला जड होते, टाकाऊ नव्हते! आणि कुशलला ते ठाऊक होते. यंत्राचे आकडे झाले की तो माझ्यावरचे टॉवेल मुकाट्याने उतरवायचा आणि वाकायचा.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर झाला. हरलो असतो तर मृणालिनीताईंचे जाणे ठरलेले होते. संजीवनीबाई माझ्यावरच बसून खेळ बघत होत्या आणि शेजारी इलियासची आई नजमा होती. रत्नागिरीकडची ही बाई लेकाच्या प्रत्येक फेकीला डोळे मिटून घ्यायची. इलियासने फेकलेले चेंडू लांब लांब गेले. "इलियास! इलियास!" असा गजर झाला आणि आम्ही जिंकलो.

हरिदास घसा खाकरत ताईंजवळ आले. "पुढच्या वर्षी पहिला कोण घ्यायचा?"

"दुसऱ्या कडेचा टॅकल," ताई म्हणाल्या. हरिदासांनी या खेपेला मान डोलावली.

संजीवनीबाई मात्र हिरमुसल्या होत्या. "एवढा वेळ बसले, माझ्या पोराचं नाव कोणी एकदाही घेतलं नाही."

तेवढ्यात इलियास आला. नजमाने त्याला खांद्याला धरून गर्रकन फिरवले.

"बघ गो संजीवनी, पाठ बघ ह्याची! मातीचा एक डाग नाय. गेल्या साली हाच शर्ट धुताना मी रडायची. तुझ्या झिलान, कुशलान, आज माझ्या झिलाला जमिनीला टेकू दिला नाय."

संजीवनीबाई त्या पांढऱ्याशुभ्र पाठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मोबाइल काढला, इलियासला "हलू नकोस" म्हणाल्या आणि त्याच्या पाठीचा फोटो काढला. तो फोटो त्यांनी गावाकडच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिले, "हे आमच्या कुशलचं काम."

मित्रांनो, माझ्या पट्ट्यांना गंज चढला आहे. तेलपाणी केलेत तर नाही म्हणणार नाही, पण मला कीव नको. तुमच्यावर येणारा धक्का जो मुकाट्याने स्वतःवर घेतो, त्याचे नाव गर्दी घेणार नाही. तुम्ही घ्या, आणि मोठ्याने घ्या. आणि मी अजून कुंपणाशी उभी आहे. ज्याच्यात हिंमत असेल त्याने वाकावे आणि मला हलवून दाखवावे.