शिक्षा बाकी है

"शिक्षा तू सांग, उल्हास. मी ऐकतोय."

आवाज कधी चढलाच नाही. दिल्लीच्या करोल बागेतल्या दोन खोल्यांत उल्हासचे वडील, भालचंद्र साठे, निवांत बसलेले असत, आणि समोर उभं राहून पोरगं स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवी. कमी सांगितली तर ते एवढंच म्हणत, "अजून." मग पोरगं स्वयंपाकघराच्या दाराकडे, आईकडे पाही. कुमुद तव्यावरची पोळी उलटत राही. मिनिस्ट्रीतली माणसं कौतुक करीत की साठ्यांनी हात न उगारता मुलगा वाढवला.

भालचंद्रांच्या फोटोवरचा चंदनाचा हारही आता काळवंडला होता. उल्हासचे केस पांढरे व्हायला लागले होते. कॉलेजात असताना जडलेला स्किझोफ्रेनिया अर्धं आयुष्य खाऊन बसला होता, आणि या थंडीत त्यानं स्वतःच्या हातानं डावा डोळा घालवला. एक गेला, एक उरला. तो उरलेला राखण्यासाठी नोएडातल्या इस्पितळात त्याच्या हातांवर जाड, बिनबोटांचे हातमोजे पट्ट्यांनी आवळले होते, आणि एक अटेंडंट सतत उशाशी बसे.

डॉक्टर अरोराबाई रोज विचारीत, आवाज येतात का, काही करायला सांगतात का. आवाज थांबले नसतील तर वेगळं, जड औषध द्यावं लागणार होतं, दर आठवड्याला रक्त तपासत. उल्हास भिंतीकडे बघे. उत्तर कुमुद देई, "नहीं आतीं, डॉक्टर साहब." हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, कुणाचा आवाज?

आज सकाळी मात्र उल्हास आपणहून बोलला.

"शिक्षा बाकी है," तो म्हणाला. "पूरी करनी है."

डॉक्टर खूश झाल्या. पेशंट अर्धवट राहिलेल्या कॉलेजची आठवण काढतोय, म्हणजे सुधारतोय. काय शिकत होता, असं त्यांनी कुमुदला विचारलं, पुस्तकं आणायला सांगितली, आणि अटेंडंटला हसत म्हणाल्या, "चलो भाई, प्रोफेसर साहब पन्ने कैसे पलटेंगे? खोल दो."

पहिली पट्टी सुटली.

उल्हासनं मान वळवली. उरलेल्या एका डोळ्यानं त्यानं आईकडे पाहिलं. लहानपणी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाही, तसंच.

कुमुदनं हातमोज्यावर तळवा दाबला. "मत खोलिए. हम मराठी लोगों में शिक्षा मतलब पढ़ाई नहीं. सज़ा."

डॉक्टरांचं हसू विझलं. त्यांनी स्वतः पट्टी पुन्हा आवळली. मग हळू विचारलं, सज़ा कौन देता है?

"आवाज़ आती है. पहले से आती है. इसके पिताजी की." मग स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलेलं ते सगळं तिनं सांगितलं, तुटक हिंदीत, पदर बोटाला गुंडाळत.

डॉक्टर म्हणाल्या, आजार वडिलांनी दिला नाही, आजारानं फक्त त्यांचा आवाज उचलला. नवं औषध सुरू करू. डोळा वाचेल असं त्या म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्या. उल्हास पुन्हा भिंतीकडे बघत होता, ओठ हलत होते. कुमुद उठली आणि त्याच्या व भिंतीच्या मधे जाऊन उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून.

"अहो," ती भिंतीला म्हणाली, "पुरे करा. लहान आहे तो."