लिमलेटची बरणी

बरणी मला नकोच होती. एक माणूस खाटेवर, त्याचं समदं करायचं, सैपाक बघायचा, अंगणवाडीत खिचडी शिजवायला जायचं, आन् त्यात अजून एक जित्राब कशाला सांभाळत बसू? पण सोनियानं पुण्यातनं फोनवर फोन केले. सोनिया माझी लेक. हट्टाला पेटली की बापावर गेलीय हे कुणालाबी कळतं.

बाप म्हणजे आमचे हे. विंझरच्या पुढं आमची वाडी. तितं सावळारामभाऊ म्हणून कुणालाबी विचारा, घर दाखवतील. एकवीस वर्षं वाडीला पाणी सोडायचं काम केलं ह्यांनी. पहाटे उठून टाकीत पावडर टाकायची, मग चाव्या फिरवायच्या, वरची आळी, खालची आळी. एका उन्हाळ्यात विहिरीला शेवाळ धरलं म्हणून औषध टाकलं, तर दुसऱ्या दिवशी विहिरीतले झिंगे मरून तरंगायला लागले. सगळी वाडी दारात भांडायला. हे मुकाट उभे. लोक गेल्यावर मला म्हणाले, "माझंच चुकलं." उगं सारवासारव करायची ह्यांना कधी जमलीच न्हाई.

खोटं तर अजिबात जमायचं न्हाई. तंबाखू सोडली म्हणून सांगायचे, आन् सांगताना पापणी लववायचीच विसरायचे. डोळं टक्क उघडे ठेवून माझ्याकडं बघत बसायचे, डोळ्यांत पाणी यायची येळ आली तरी. मी म्हणायचे, "मिटा ते डोळं, आन् पुडी काढा खिशातली." की हसायचे.

गेल्या पावसाळ्यात टाकीच्या पायऱ्यांपाशी ह्यांना लकवा मारला. हातात चावी तशीच. कापूरहोळपर्यंत टेम्पोत डोकं मांडीवर घेऊन बसले होते मी, तितनं पुढं ॲम्ब्युलन्स. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, उजवी बाजू गेली, वाचा गेली, समज किती राहिलीय ते सांगता येणार न्हाई. भोरच्या शुभ्रा मॅडम आठवड्याला येऊन ह्यांच्या हातापायाचा व्यायाम करून घेतात. पहिल्या महिन्यात त्यांनी लई करून बघितलं. काका, डोळे मिटा. काका, माझा हात दाबा. हे आपले भिंतीकडं बघतायत. मग सांगायचं सगळ्यांनीच सोडलं. मीबी सोडलं.

मी रडले न्हाई. लोक म्हणाले, संजीवनी लई खंबीर बाई. कसली खंबीर अन् काय! आत काई हलतच न्हवतं माझ्या. कूस बदलायची, पुसून काढायचं, पातळ भात चमच्यानं भरवायचा, दुपारी परत तेच. एखाद्या दिवशी संध्याकाळी आठवायचंबी न्हाई, सकाळी काय जेवले ते.

आन् एक सांगते, लपवत न्हाई. भिमा माझी धाकटी बहीण, आंबवड्याला दिलीय. तिचा रोज फोन येतो. एकदा ह्यांची कूस बदलताना मोबाईल खांद्यात धरून मी तिला म्हणले, "त्याच दिवशी सुटले असते तर बरं झालं असतं बघ. तेबी सुटले असते, मीबी सुटले असते." हे भिंतीकडं बघत होते. म्या चादर ओढली आन् कुकर लावायला गेले. तवा मला काईसुद्धा वाटलं न्हाई.

तर बरणी. शुभ्रा मॅडम सोनियाला म्हणाल्या होत्या, समोर काहीतरी हलतं, जिवंत ठेवा, टीव्हीचा नुसता कलकलाट होतो. सोनियानं पुण्यात दुकानात जाऊन चौकशी केली. काचेची टाकी, दिवा, पाण्याचं मशीन, झाडं, असं करत गेलं तर तिचा अर्धा पगार तितंच. मग रात्रभर मोबाईलवर काय काय बघितलं आन् सकाळी मला फोन.

"आई, काई विकत आणायचं न्हाई. ना मशीन, ना दिवा. झाडं असली की तीच पाणी साफ ठेवतात. मी सांगते तसं फक्त कर."

"तू ये आन् तूच कर."

"आई."

"बरं, बोल."

गेनूच्या किराणा दुकानात माळ्यावर एक काचेची जुनी बरणी होती, लिमलेटच्या गोळ्यांची. आता समदं प्लास्टिकमध्ये येतं. गेनू ती फडक्यानं पुसत म्हणाला, "न्या काकी, पण हिला झाकण न्हाई."

"झाकण घेऊन काय करू? लोणचं घालायचंय व्हय मला?"

ओढ्याकाठची काळी माती आणली, जितं कुणी खत टाकत न्हाई तितली. चाळणीनं चाळून बरणीत दोन बोटं थर दिला. वर रेती, तांदळागत धुऊन धुऊन पाणी निवळ निघंपर्यंत. ओढ्याच्या डोहात बारीक पानांचं लांब गवत असतं, ते मुळासकट काढलं आन् भात लावतो तसं एकेक दांडी रेतीत खोचली. पाणी ओतायचं ते रेतीवर बशी ठेवून, बशीवर. न्हाईतर माती उठती. तरी उठलीच. पहिल्या दिवशी सगळं चहासारखं दिसत होतं.

सोनियाचं एक बोलणं सारखं. "नळाचं पाणी रात्रभर ठेवून मगच घाल हां आई. त्यात पावडर असती. आप्पाच टाकायचे ना!"

"मला नको शिकवू. एकवीस वर्षं त्या पावडरीच्या वासात काढलीत म्या."

रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी घातलं. पंधरा दिवस गवताला मूळ धरू दिलं. पाणी काचेसारखं झालं. मग ओढ्यावर जाऊन जुन्या ओढणीनं सात झिंगे धरून आणले, नखाएवढे, आरपार दिसणारे. गोगलगायी गवताबरोबर आपसूक आल्या होत्या, तीन. बरणी खाटेच्या पायथ्याशी, खिडकीत ठेवली. खिडकीतनं सकाळचं ऊन यायचं.

शुभ्रा मॅडमनी विचारलं, "काका बघतात का बरणीकडे?"

"न्हाई ओ. भिंतच बघतात."

मीच बघायचे. भाजी निवडायला तितंच बसायला लागले. झिंगे दिवसभर बारीक हातांनी काईबाई तोंडात घालत असायचे. दिसायला पोटात काई जात न्हाई, पण हात थांबत न्हाईत. माझ्यासारखंच, असं वाटायचं. एकीच्या पोटाखाली अंडी आली, हिरवट, खसखशीएवढी. सोनियाला फोटो पाठवला. तिनं दहा हसरे चेहरे पाठवले. मला आनंद झाला का? खरं सांगू, न्हाई झाला. झाला असता तर बरं, एवढंच मनात आलं.

महिन्याभरात बरणीतलं पाणी चार बोटं खाली उतरलं. त्या सकाळी बादलीत ह्यांच्या चादरी भिजत होत्या. पण रात्रभर ठेवलेलं पाणी म्हटलं तर आमच्या घरात त्याला काय तोटा? माझ्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा हंडा आहे. आदल्या दिवशीच चिंच लावून घासला होता, नुसता लखलखत होता. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तेच. पाहुणा आला की तेच, ह्यांच्या तोंडात चमच्यानं घालते तेबी तेच. झिंग्यांनीबी पिऊ द्या की जरा, म्हणून हंडाच उचलून बरणीपाशी नेला.

हंडा कलता केला आन् मागनं आवाज आला. "आं."

हे असे आवाज काढतात अधनंमधनं. म्या लक्ष दिलं न्हाई.

"आं! आं!" आन् खाटेची लोखंडी दांडी वाजायला लागली. डाव्या हातानं आपटत होते. हंडा खाली ठेवला, धावत जाऊन लघवीचं भांडं लावलं. काई न्हाई. कोरडं. पाठ बघितली, चादर बघितली. सगळं जागच्या जागी. तरी तोंडानं चालूच, आं आं आं, लाळ गळतीय, मान ताठ.

"काय झालंय काय?" मी ओरडले. "सकाळधरनं उभी हाय मी पायावर! आता काय पायजेल तुमाला? उगं कशाला आरडताय?"

गप झाले. हात दांडीवरनं खाली पडला. म्या परत हंडा उचलला आन् बरणी गळ्यापर्यंत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर झिंगे रेतीवर आडवे. आरपार दिसायचे ते पांढरट झाले होते, शिजल्यागत. सातच्या सात. अंड्यांवालीबी. गोगलगायी शंखात आखडून तळाला. गवत मात्र होतं तसं हिरवंगार.

मी बरणीपुढं बसले. वाईट वाटायला पायजे होतं, पण आधी रागच आला. एवढं केलं, एवढं सांगितलं तसं केलं, रात्रभर ठेवलेलंच पाणी घातलं, तरी मेले! "काय झालं ओ ह्यांना?" मी म्हणले. कुणाला न्हाई, असंच, रिकाम्या घराला बोलतो तसं. बोलता बोलता मागं वळले.

हे भिंतीकडं बघत न्हवते. हंड्याकडं बघत होते. कोपऱ्यातल्या हंड्याकडं. मग डोळं फिरले, सावकाश, बरणीवर आले. परत हंड्यावर.

मला विहिरीची ती गोष्ट आठवली. वाडी भांडून गेल्यावर हे ओट्यावर बसून मला सांगत होते, टाकलं ते मोरचूद, आन् मोरचूद म्हणजे तांबंच की ग. "आपल्याला तांबं चालतं. झिंग्याला, गोगलगायीला इख असतं. म्या इचार केला पायजे होता." एवढं सांगितलं होतं. मी ऐकलं आन् विसरून गेले. ते विसरले न्हवते. काल ते आरडत न्हवते. मला सांगत होते.

खाटेपाशी गेले, त्यांच्या तोंडापुढं तोंड आणलं.

"अवं. माझं बोलणं कळतंय तुमाला?"

बघत राहिले.

"कळत असंल तर डोळं मिटा."

मिटले. सावकाश, घट्ट, आन् परत उघडले.

"परत मिटा."

मिटले.

"काल तुमी मला हंड्याचं सांगत होता?"

मिटले. त्या डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडल्या, तंबाखूची पुडी पकडली की पडायच्या तशा. मी तितंच जमिनीवर बसले. माणूस हाय. आत माणूस हाय. आठ महिने मी ज्याला लाकडासारखं ह्या कुशीवरनं त्या कुशीवर करत होते, तो आतनं समदं बघतोय. सोनियाला फोन करू का मॅडमना करू, काई सुचंना. हसायला येत होतं का रडायला, तेबी कळंना. "कवापासनं ओ? सांगायचं न्हाई व्हय?" असं काईतरी खुळ्यागत बोलत सुटले. सांगणार कसं? आन् विचारलं तरी कुणी होतं?

मग ते ध्यानात आलं. चादर. खांद्यातला मोबाईल. भिमा.

उठून पळावं वाटलं. विचारूच नये वाटलं. पण न विचारता ह्या घरात पुढचा एक दिवस काढता आला नसता मला. म्या त्यांचा डावा हात हातात घेतला.

"मी भिमाशी फोनवर बोलले होते. तुमची कूस बदलताना. तुमी सुटला असता तर बरं झालं असतं, असं." हात घट्ट धरला. "ते ऐकलं तुमी? ऐकलं असंल तर डोळं मिटा."

हे माझ्याकडं बघत होते. डोळं उघडे होते.

मी वाट बघितली. खिडकीतलं ऊन खाटेवर आलं, त्यांच्या तोंडावर आलं. उनाच्या तिरपीनंसुद्धा माणूस डोळं मिटतो. ह्यांनी मिटले न्हाईत. टक्क उघडे ठेवले. पापण्या थरथरायला लागल्या, डोळं लाल झाले, पाण्यानं भरले, पाणी कानामागं ओघळून उशीत गेलं. तरी मिटले न्हाईत. माझ्याकडंच बघत होते.

"मिटा ते डोळं," मी म्हणले. "लबाड कुठले."

तवा मिटले. आन् मी त्यांच्या छातीवर डोकं टेकून, आठ महिन्यांत पहिल्यांदा, मोठमोठ्यानं रडले.